हबशाची तसबीर

दिवाळीच्या आधी घरोघरी भिंतींना रंग लागतो. त्या निमित्ताने तसबिरी खाली उतरतात, काचा पुसल्या जातात, आणि कोणती पुन्हा टांगायची व कोणती माळ्यावर टाकायची याचा घरात थोडा वाद होतो. आपण कोणाचे ऋणी आहोत हे ज्या घराला ठाऊक असते, त्या घराची भिंत ते न बोलता सांगते. गावाचेही तसेच आहे. गावाची भिंत म्हणजे त्याचे संग्रहालय, त्याचे कलादालन, तेही नसेल तर वाचनालयाचा किंवा शाळेचा मोठा सभागृह-कक्ष. तेथे कोणाची तसबीर लागते आणि कोणाची कधीच लागत नाही, यावरून गावाची स्मृती केवढी आहे ते कळते.

आमच्या लातूर-नांदेडकडच्या भिंतीवर एक तसबीर लागलेली मी पाहिली नाही. ती हबशाची.

हबशी कोण, असे वाचक विचारतील. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. त्या देशातून, आणि पुढे पुढे आफ्रिकेच्या साऱ्या पूर्व किनाऱ्यावरून, अरबांच्या व पोर्तुगीजांच्या गलबतांतून जी माणसे विकत आणली गेली, त्यांना आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हणत. ही गोष्ट दूरच्या समुद्राची वाटेल. पण लातूरहून औशाला जायला मोटारीने अर्धा तास पुरतो. तो औशाचा किल्ला सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर या हबशाच्या हाती आला, आणि गावाला काही काळ अंबरपूर असे नाव होते. उदगीरचा किल्ला १६३६ साली शाहजहानच्या फौजेने घेतला, तेव्हा निजामशाहीच्या वतीने तो लढवणारा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह नावाचा हबशीच होता. मिफ्ताह या अरबी शब्दाचा अर्थ किल्ली. किल्ल्याच्या रखवालदाराला याहून साजेसे नाव कादंबरीकारालाही सुचले नसते! पुढे मोगलांनी त्याला चाकरीत घेऊन हबशखान हा किताब दिला. आणि अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचा नवा सुलतान जेथून राज्य करू लागला ते परांडे तर आमच्या शेजारचेच. त्या सुलतानाला गादीवर बसवणारा पुन्हा अंबरच.

म्हणजे हबशी आमच्या मातीत नांदून गेला. त्याचे नाव मात्र आमच्या बोलीत दुसऱ्याच कामासाठी उरले. वर्गात एखादा मुलगा रंगाने गडद असला की मागच्या बाकावरून 'हबशी' अशी हाक येते, आणि सारा वर्ग हसतो. शिक्षकाच्या पेशात ती हाक कानी पडली नाही असे वर्ष सहसा जात नाही. ज्या शब्दाला एके काळी किल्ल्याचे दरवाजे उघडत, तो शब्द आज पोरांना चिडवायला लागतो. पंढरीच्या काळ्या मूर्तीपुढे आपण डोके ठेवतो आणि घरी येऊन सुनेचा रंग उजळ आहे की नाही ते पाहतो. या विसंगतीवर व्याख्याने पुष्कळ झाली. मला येथे चित्रांविषयी बोलायचे आहे; कारण रंगाविषयीचा ग्रह डोळ्यांतून आत शिरतो, आणि जायचा असेल तर डोळ्यांतूनच जाईल.

प्रथम ती चित्रे कोणाची, ते थोडक्यात सांगतो. १५४८ च्या सुमारास इथिओपियात चापू नावाचा एक मुलगा जन्मला. तो लहानपणीच गुलामांच्या बाजारात गेला आणि हातोहाती विकला जात बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना याकूत, कापूर, अंबर अशी रत्नांची नि सुगंधांची नावे ठेवण्याची तिकडे चाल होती. माणूस बाजारचा माल आहे, हे त्या गोड नावांतूनही कळावे! पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. मौज अशी की हा धनीही हबशीच होता. त्यानंतरची हकीगत शाळेच्या पुस्तकात आहे: १६०० साली अहमदनगर पडले तरी निजामशाही पुढे चालवणारा, मोगलांना गनिमी काव्याने पंचवीस वर्षे जेरीस आणणारा, मालोजीराजे व शहाजीराजे यांच्यासारखे मराठे सरदार ज्याच्या काळात पुढे आले, तो हा अंबर. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना, तो मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

अशा माणसाची चित्रे निघाली नसती तरच नवल. त्यांतली दोन विशेष पाहण्यासारखी आहेत.

पहिले चित्र आयर्लंडमधील डब्लिन शहरी, चेस्टर बीटी यांच्या संग्रहात आहे. जहांगीर बादशहाचा लाडका चितारी अबुल हसन याने ते १६१६ च्या सुमारास काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या फण्यावर असते. येथे ती बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशावर उभा आहे. बादशहाच्या मस्तकामागे तेजोवलय आहे, वरून पंखांची बाळे त्याला शस्त्रे पुरवीत आहेत, आणि त्याने धनुष्य ताणून समोर नेम धरला आहे. नेम कशावर? भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर. त्या मुंडक्यावर एक घुबड बसले आहे.

चित्र नाजूक आहे, हात पारंगत आहे, रंगांची आरास डोळे दिपवणारी आहे. फक्त एकच गोष्ट त्यात खरी नाही. ते मुंडके जहांगीरला कधीच मिळाले नाही. त्या साली रोशनगावला अंबरचा पराभव झाला, मोगलांनी त्याची खडकी जाळली, हे खरे. पण अंबर निसटला, त्याने पुन्हा फौज उभी केली, आणि आणखी दहा वर्षे लढून तो आपल्या मरणाने मेला. रणांगणावर जे साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले. आत्मचरित्रातही त्याने अंबरला तोंडाच्या रंगावरून शिव्या घातल्या आहेत. त्या शिव्यांचे हे सचित्र रूप आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: ज्याचे मन कळत नाही त्याला काळा रंगवणे सर्वांत सोपे. अबुल हसनसारख्या मोठ्या कलावंतालाही धन्याच्या द्वेषापुढे ती सोपी वाट धरावी लागली.

दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेही मोगल दरबारातलेच, पहिल्यानंतर थोड्याच वर्षांनी काढलेले. चितारी हाशिम, हा मूळचा दख्खनकडचा असावा असे जाणकार मानतात. या चित्रात ना गोल, ना बैल, ना घुबड. एक वयस्क माणूस एका बाजूने दिसेल असा उभा आहे. अंगात पांढरा जामा, शरीर स्थूल, जवळ तलवार. पांढऱ्या वस्त्रावर त्याचा चेहरा अधिकच उठून दिसतो, आणि तो चेहरा डांबरासारखा एकरंगी काळा नाही. चिताऱ्याने त्यात तपकिरीच्या छटा भरून हाड, मांस आणि वय दाखवले आहे. नजर समोर, कोठेतरी दूर. पुष्कळ पाहिलेल्या, आणि आता कोणाचे भय न उरलेल्या माणसाची ती नजर आहे. याच धर्तीचे आणखी एक चित्र अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

एकाच दरबारातून दोन अंबर निघाले. एकाला शत्रूच्या रागाने काढले, दुसऱ्याला चिताऱ्याच्या डोळ्याने. पुढे जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकाराला अंबरच्या मृत्यूची नोंद करताना, युद्धात आणि कारभारात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, अशा आशयाची कबुली द्यावी लागली. ती कबुली हाशिमच्या चित्रात आधीच आलेली आहे. कला शब्दांच्या आधी न्याय करते, तो असा.

ही विखुरलेली चित्रे एकत्र मांडावीत असे कोणाला सुचले? आपल्याला नव्हे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे हार्लेम भागात एक केंद्र आहे, शोम्बर्ग केंद्र या नावाचे. पोर्तो रिकोतून आलेल्या आर्तुरो शोम्बर्ग या कृष्णवर्णीय गृहस्थाने जमवलेली पुस्तके, चित्रे आणि कागदपत्रे १९२६ साली ग्रंथालयाने विकत घेतली, आणि त्यांतून हे केंद्र वाढले. शोम्बर्गविषयी अशी आख्यायिका सांगतात की, काळ्या लोकांना इतिहासही नाही आणि थोर पुरुषही नाहीत, असे त्याची शिक्षिका त्याला लहानपणी म्हणाली होती. त्याने जन्मभर तिला उत्तर गोळा केले. शिक्षकाच्या तोंडून निघालेले वाक्य कोठवर जाते, हे आम्हा शिक्षकांनी यावरून ध्यानात ठेवावे. त्याच १९२६ साली कार्टर वुडसन या इतिहासकाराने तिकडे फेब्रुवारीत काळ्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. १९७६ पासून त्याचा महिना झाला. त्या महिन्यात तिकडची कलादालने आपल्या भिंती काळ्या कलावंतांना आणि त्यांच्या वारशाला मोकळ्या करतात.

२०१३ च्या फेब्रुवारीत शोम्बर्ग केंद्राने 'आफ्रिकन्स इन इंडिया' हे प्रदर्शन भरवले. सिल्व्हियान दियूफ आणि केनेथ रॉबिन्स या दोघांनी ते मांडले होते. नावाच्या पुढच्या भागाचा अर्थ, गुलामांपासून सेनापती आणि सत्ताधीशांपर्यंत. २०१४ च्या ऑक्टोबरात ते दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आले. अंबर त्यात होता, जंजिऱ्याचे आणि सचीनचे सिद्दी नवाब होते. हार्लेमच्या काळ्या मुलाने आपला पूर्वज दख्खनेत शोधावा आणि तो दख्खनच्या माणसाला दिल्लीत दाखवावा, हा प्रवास मोठा विलक्षण आहे.

या प्रदर्शनाचा एक गुण आमच्यासारख्या गावांनी घेण्याजोगा आहे. तेथे मूळ चित्रे नव्हती. चित्रांच्या छापील प्रती आणि हल्लीची छायाचित्रे होती. लाखोंचा विमा आणि बंदुकवाला पहारा यांवाचून ते उभे राहिले. चांगली प्रत, चांगला उजेड आणि खाली चार सरळ ओळींची पाटी, एवढ्यावर काम भागले. म्हणजे पैशाची सबब राहत नाही.

पण त्याची उणीवही सांगितली पाहिजे. नाहीतर हे समीक्षण नव्हे, आभारप्रदर्शन होईल. ती उणीव नावातच आहे. गुलामांपासून सेनापतींपर्यंत, ही शिडी चढून वर पोहोचलेल्यांची यादी आहे. शोम्बर्गच्या शिक्षिकेला उत्तर देण्यासाठी ती हवीच होती. ज्याला 'तुमच्यात कोणी थोर नाही' असे ऐकवले, तो प्रथम आपले थोर पुरुषच पुढे करणार. पण प्रत्येक अंबरमागे शेकडो चापू होते, ज्यांना कोणी शिकवले नाही, ज्यांची कोणी तसबीर काढली नाही, ज्यांनी तटाचे दगड वाहिले आणि जे त्या तटाखालीच संपले. केवळ सेनापतींचा गौरव केला तर मुलांच्या मनावर नकळत ठसते की, काळा माणूस मोठा झाला तरच माणूस. वर्गातल्या त्या चिडवल्या जाणाऱ्या मुलाला आपण काय सांगणार? सेनापती हो, मग हसणार नाहीत?

दुसरी उणीव अधिक खोल आहे, आणि ती प्रदर्शनाची नव्हे, चित्रांचीच आहे. या सर्व चित्रांत हबशी दिसतो, पण ब्रश त्याच्या हाती नाही. अबुल हसनने काढलेला अंबर, हाशिमने काढलेला अंबर. अंबरने पाहिलेले जग कोठे आहे?

ते आहे, फक्त ते चौकटीत शोधू नये. अहमदाबादेत १५७३ च्या सुमारास सिद्दी सैयद या हबशी सरदाराने एक मशीद बांधवून घेतली. तिच्या खिडकीतील दगडी जाळीवरचे ते एकमेकांत गुंतलेले झाड साऱ्या देशाने पाहिलेले आहे. अहमदाबादच्या प्रसिद्ध व्यवस्थापन संस्थेने आपले चिन्ह त्यावरूनच घेतले. झाड सर्वांना माहीत. ते कोण्या हबशाच्या मशिदीतले, हे किती जणांना माहीत? अंबरने १६१० साली खडकी वसवली, ती पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहरासाठी त्याने जमिनीखालून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. पाण्यासाठी रेल्वेगाडीची वाट पाहिलेल्या लातूरकराला, २०१६ चा तो उन्हाळा आठवून, जमिनीच्या पोटातील ही कारागिरी काय तोलाची आहे ते वेगळे सांगायला नको. तसबिरीत अंबर दुसऱ्याच्या डोळ्याने दिसतो. नहरीत तो स्वतः बोलतो.

आणि आज बोलणारेही आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी लोकांची गावे आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. तेथील बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून पांघरूण शिवतात, त्याला कवंदी म्हणतात. आमच्या घरच्या बायकांना ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणतील, ही तर आमची वाकळ! खरेच ती वाकळीची बहीण आहे. पण शिवण्याची रीत पाहा: कडेपासून आरंभ करायचा आणि धावदोऱ्याने फेऱ्या घालीत घालीत मध्यावर यायचे. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावायची. ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. रंग कसे जुळवायचे, लाल तुकड्याशेजारी कोणता ठेवायचा, हे कोणी बादशहा सांगत नाही. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने या कवंद्यांकडे कलावस्तू म्हणून पाहिले आणि अमेरिकेत त्यांची प्रदर्शने झाली. कवंदी कोणा सेनापतीची नाही. ती विकत आणलेल्या, पळून रानात गेलेल्या, नाव न उरलेल्या माणसांच्या लेकींची आहे. माझ्या मते हबशांच्या वारशाचे कोणतेही प्रदर्शन तिच्यावाचून अपुरे आहे.

येथे कोणी म्हणेल, जंजिऱ्याचा सिद्दी तर शिवछत्रपतींचा वैरी. त्याचा गौरव मराठी भिंतीवर कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही इतिहासातच आहे. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता हे प्रत्येक मुलाला पाठ असते. पण तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांच्या बरोबर बाहेरून जी फौज चालून गेली, तिच्यात महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढत होता, आणि त्याचा मुलगा त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढ्याच्या एका बाजूस एक सिद्दी, दुसऱ्या बाजूस दुसरा. रंगावरून बाजू ठरत नाही, हे याहून स्पष्ट कोणते चित्र सांगेल?

लातूरला हा विषय परका मुळीच नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांचे साहित्य मराठीत पोहोचवणाऱ्यांत आमच्याच डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव अग्रभागी आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे त्यांचे पुस्तक, शीर्षकातला शब्द त्या काळी रूढ होता, आज मागे पडला. त्याआधी १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. मिसिसिपीच्या काठच्या काळ्या माणसाचे दुःख मराठवाड्याने आपले मानून वाचले. मात्र मांजऱ्याच्या खोऱ्यात नांदलेल्या काळ्या माणसाची आठवण आपण किल्ल्यांच्या पडझडीत तशीच टाकून दिली. दूरचा भाऊ ओळखला, आणि घरातला विसरलो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. २०२६ साली अंबरच्या मृत्यूला चार शतके होतात. लातुरात, औशात, उदगिरात, जेथे एखादे सभागृह मिळेल तेथे चार भिंती या वारशाला द्याव्यात. एका भिंतीवर जहांगीरचा बाण आणि हाशिमची तसबीर समोरासमोर, मुलांनी मान इकडून तिकडे वळवून पाहावीत अशी. दुसरीवर आमचे किल्ले. तिसरीवर सिद्दी सैयदची जाळी आणि अंबरची नहर. चौथीवर एक कवंदी आणि तिच्या शेजारी आमच्या एखाद्या म्हातारीने शिवलेली वाकळ. आणि कवंदी शिवणाऱ्या बायकांना मानाने बोलवावे, त्यांच्या तोंडूनच तिची गोष्ट ऐकावी. आपण त्यांच्याविषयी भाषण करू नये.

पाट्या मात्र नीट लिहाव्यात. चित्र कोणाचे एवढेच लिहून भागणार नाही. ते कोणी काढले, कोणाच्या हुकमाने काढले, आणि काढणाऱ्याला काय दिसले नाही, हेही सोप्या मराठीत लिहावे. अंबरच्या तसबिरीखाली त्याच्या किताबाआधी त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव यावे: चापू. चौथीतल्या मुलाला ते मोठ्याने वाचता आले, की निम्मे काम झाले.